पोचेपर्यंत चहा नाही

शनि. ७ जून. ट्रुरो
निघालो एकदाचे. इंग्लंडच्या खालच्या टोकाला, लँड्स एंडला एवढा वारा की फोटोत काकूंचं जॅकेट फुग्यासारखं आलंय.

केंब्रिजच्या अनघाकाकू सोबत आहेत म्हणून हे धाडस. चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत लोकांना भूल दिली, रिटायर झाल्यावर मलाही दिली असणार, नाहीतर मी हो म्हटलं नसतं. त्यांची सायकल बॅटरीवाली. "बॅटरी माझी, घाम तुझा. मिळून एक अख्खी बाई."

ठरवलंय: इथून थेट वर, स्कॉटलंडच्या टोकाला, जॉन ओ'ग्रोट्सपर्यंत. मध्ये एक इंचही गाडीत किंवा ट्रेनमध्ये बसायचं नाही. आठवीत शाळेतून सायकल मिळाली नसती तर माझं शिक्षण दहावीलाच थांबलं असतं. लंडनजवळच्या क्रॉयडनचं ऑफिस तर स्वप्नातसुद्धा नाही. म्हणून सायकलनेच, आणि पूर्ण.

दुकानदाराने सीट फारच उंच लावून दिली होती. पार्किंगमध्येच खाली घेतली. दोन्ही पाय जमिनीला टेकले तेव्हा जिवात जीव आला.

सोम. ९ जून. ओकहॅम्प्टन
कॉर्नवॉलवाल्यांना सपाट जमीन म्हणजे काय ते माहीतच नाही. चढ, उतार, लगेच चढ. बसायची जागा सोलवटली. पण दोन्ही बाजूंना फुललेली कुंपणं, मध्ये एकाच गाडीपुरता रस्ता, आणि समोरून ट्रॅक्टर आला की तोच थांबतो! हात वर करून "ऑल राइट, माय लव्हर?" म्हणतो. मी लाजले. काकू म्हणाल्या, "अगं, इथे दूधवालासुद्धा असंच बोलतो. हुरळून जाऊ नकोस."

धाकट्या राजूचा इचलकरंजीहून मेसेज: "ताई, तुझ्यामुळे आईने चहा सोडलाय. तू पोचेपर्यंत. घरात वातावरण तंग आहे. अप्पा कोपऱ्यावर जाऊन पितात."

आई. दिवसातून पाच वेळा चहा पिणारी, शिलाई मशीनवर कायम कप ठेवलेला असणारी आई.

मंगळ. १० जून. टिव्हर्टन
सकाळी फोनवर भांडले. म्हटलं, मी पॅडल मारणार, तू चहा सोडणार, दोन्हीचा संबंध काय? ती म्हणाली, "तुझ्या बारावीला साखर सोडली होती. डिग्रीला भात. आलीस ना पास होऊन?" अभ्यास मी केला होता, हे तिला अजूनही पटवता आलेलं नाही.

डोकं दुखतंय तिचं. कबूल करत नाही, पण आवाजावरून कळतं. म्हणजे आता मी मध्येच थांबले तर काय? तिला विचारायची हिंमत झाली नाही.

गुरु. १२ जून. चेपस्टो
सेव्हर्न नदीचा पूल! खाली चिखल आणि चकाकतं पाणी, वर मी एकटीच. घसा फाडून गायले. काकू पुढे निघून गेल्या होत्या (नेहमीप्रमाणे), त्यामुळे कोणाला त्रास नाही.

उजवा गुडघा पुढून दुखतोय. वाटीच्या खाली. होईल बरा.

शनि. १४ जून. लडलो
नाही झाला. सुजलाय. शेवटच्या चढावर सायकल हातात धरून चालले. (चालणं चालतं, नियमात बसतं.) काकूंनी दाबून पाहिला, गोठवलेल्या मटारची पिशवी ठेवली. "मी भूल देणारी बाई, हाडांतलं मला काय कळतंय? पण एवढं कळतं की उद्या पुढच्या क्रू गावापर्यंत ट्रेन घेऊ. कोण बघतंय?"

मी बघतेय ना.

शेवटी आईला विचारलंच. ट्रेन घेतली तर पोचले असं धरशील का? ती शांतपणे म्हणाली, "उपासाला साबुदाणा चालतो की. तशी तुला ट्रेन चालेल."

"मग तू पण कॉफी घे."

"माझं वेगळं."

स्वतःला एक घोट नाही आणि मला क्रूपर्यंत सूट. चिडून रडले, मग हसूच आलं. ट्रेन नाही. उद्या विश्रांती.

रवि. १५ जून. लडलो
किल्ल्याजवळच्या बाकावर दिवस काढला. चीज सँडविच, ऊन, बदकं. आराम करायची सवय नाही, पण जमलं. काकूंनी स्वेटर विणायला काढला. सायकलवरून लोकर आणलीय यांनी!

गुरु. १९ जून. शॅप
आज उलगडा झाला!

केंडलहून वर येताना काकूंची बॅटरी मेली. चार्जर आदल्या मुक्कामाच्या लॉजवर राहिलेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या माझ्या मागे. चढावर मागून ओरडल्या, "थांब! अगं, तुझे गुडघे छातीला लागतायत! सीट एवढी खाली कोणी केली?"

"मी. पाय टेकावेत म्हणून."

"पाय टेकायला तू काय भाजी आणायला निघालीस? चढावर सगळा भार गुडघ्यावर येतोय."

आमच्याकडे सगळे असेच शिकलो. मागून कोणीतरी धरणार, सीट सगळ्यात खाली, पाय टेकले पाहिजेत. दर सिग्नलला, दर म्हशीला टेकायचे. मी तेच घेऊन जवळजवळ निम्मा देश चढून आले.

रस्त्याच्या कडेलाच चार बोटं वर घेतली. जमीन लांबच लांब. आणि मग पॅडल मारलं... पाय पहिल्यांदाच सरळ झाला. शॅपचा चढ, काकू मागे धापा टाकतायत, मी पुढे!

शनि. २१ जून. मॉफट
स्कॉटलंड. कालपासून दोनदा पडले, दोन्ही वेळा उभ्या-उभ्या, थांबताना. आता सीटवरून उतरून थांबायचं असतं, हे डोक्याला कळतं, पायाला कळायचंय. कोपर सोलवटलं. गुडघा मात्र निम्मा बरा. काकूंना कार्लाइलच्या दुकानात चार्जर मिळाला, पुन्हा पुढे पळाल्या.

आईची डोकेदुखी गेली म्हणे. गल्लीतल्या बायका रोज विचारतात, पोरगी कुठवर आली? मॉफट हे नाव आईने दोनदा म्हणून पाहिलं.

बुध. २५ जून. इनव्हरनेस
ड्रमॉक्टरच्या खिंडीत गारा. जूनमध्ये! बोटं बधिर, ब्रेक लागेना. नंतर लगेच ऊन, आणि मैलच्या मैल उतार. पॅडल न मारता. असं सुख रोज नको, सवय लागेल.

शुक्र. २७ जून. बेटीहिल
उत्तरेचा समुद्र दिसला. पलीकडे काही नाही.

आता उजवीकडे वळायचं, किनाऱ्याने शेवटचे पन्नासेक मैल. पण वारा पूर्वेचा, थेट तोंडावर. गुडघा आज परत फुगलाय, थोडासा. काकू म्हणाल्या, "थर्सोहून बस आहे. मी फक्त सांगतेय." मीही फक्त ऐकलं. उद्या थर्सोला ठरवेन, खरोखर. गुडघा कायमचा बिघडवून घेण्यात काही मोठेपणा नाही, हेही कळतंय मला.

शनि. २८ जून. सकाळ
पट्टी बांधली. वारा तसाच. खिडकीतून गवत पूर्ण आडवं दिसतंय.

आईचा फोन. "आलं किसून ठेवलंय. दूध दोन पिशव्या जास्त घेतलं, गल्लीतल्या सगळ्या यायच्यात."

"अगं आई, अजून पन्नास मैल आहेत. वारा समोरून, गुडघा..."

"मग बोलत काय बसलीस?"

खाली काकू घंटी वाजवतायत.