कमी केलेलं नाव

बाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि एवढ्या दिवसांत मी कधी तुम्हाला काही सांगायला बसले नाही. आज बसले आहे. मे संपत आलाय. शाळेला सुट्टी आहे, पण मुख्याध्यापिकेला कसली डोंबलाची सुट्टी! सकाळी पेणहून निघते, वडखळला गाडी बदलते, दहाला ऑफिस उघडते. मग निकालपत्रकं, दाखले, संस्थेचे फोन, आणि ती ऑनलाइन माहिती, जी भरत आली की हमखास रेंज जाते. दुपारी डबा खाल्ला की खुर्चीतच डोळा लागतो, एवढीच काय ती माझी मजा. मुलगी फोनवर म्हणते, आई, चार दिवस कुठेतरी जाऊन ये ना. मी म्हटलं, मे महिन्यात मी रोह्याला जायचे गं, बाईंकडे. आता तिथे जाऊन करू काय?

तुमच्या हाताखाली लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची, आणि शहाणी किती! पहिल्याच एप्रिलात हजेरीचा कॅटलॉग स्वच्छ करायला घेतला. आदिवासी वाडीवरची सहा पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली होती, ती पुन्हा दिसलीच नव्हती. सहा नावांवर लाल शाईची रेघ मारली, ‘सतत गैरहजर’ असा शेरा लिहिला आणि मोठ्या रुबाबात कॅटलॉग तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, मिटलात, आणि म्हणालात, "शाळा तुझ्या बापाची आहे का गं?" मला तिथेच रडू फुटलं. तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे सरकवलात, पण आवाज काही खाली आणला नाहीत. "उन्हाळ्यात कुणाचं नाव कमी करायचं नाही. माणसं पावसाआधी परत येतात. आली आणि नाव नाही म्हटलं, की पुन्हा विचारायला येत नाहीत." ती सहाही नावं तुम्ही स्वतःच्या अक्षरात परत लिहिलीत.

मग मे महिन्यात मला वाडीवर घेऊन गेलात. मला वाटलं, आता बाई भाषण करणार. कसलं काय! आंब्याखाली फतकल मारून बसलात, कोरा चहा प्यायलात, कुणाची लेक बाळंत झाली, यंदा नदीला मासळी कशी आहे, करवंदं कुठल्या बाजूला चांगली, तासभर नुसत्या गप्पा. शाळेचा श नाही. परत येताना मी वैतागून विचारलं, बाई, आपण गेलो कशाला? तुम्ही म्हणालात, "बसायला." दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला एक बाई आपणहून म्हणाली, "बाय, शाला कवा उगडते गो?" तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाही, पण घरी गेल्यावर मला तळलेले पोह्याचे पापड ताटभर खायला घातलेत आणि जाताना कच्च्यांचा एक डबा हातात दिलात. त्या दिवशी माझ्यासारखी सुखी मीच.

बाई, यंदा मी नाव कमी केलं. सहा नाही, एकच. नववीतली मुलगी, आमच्या इथल्या वाडीवरची. दिवाळीनंतर भट्टीवर गेली. मार्चात संस्थेची मीटिंग झाली. पुढच्या वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे, मॅडम, बाकी आम्हाला काही सांगू नका, असं स्पष्ट सुनावलं गेलं. तिचं नाव कुणीही घेतलं नव्हतं, हो. ते मीच घेतलं. चार महिने शाळेत नाही, ही दहावीत गेली की गणितात लटकणार, आणि मग शंभरचे अठ्ठ्याण्णव. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘पालकांचे स्थलांतर’. खोटं नाही म्हणून स्वतःची समजूत घातली.

पंधरा दिवसांपूर्वी भर दुपारी ती ऑफिसच्या दारात उभी. डोक्याला तेल चोपडलेलं, अंगात शाळेचाच ड्रेस, आखूड झालेला. सुट्टीत ड्रेस घालून आली पोर! "मॅडम, धावीचे जादा तास कवा चालू व्हनार?" मी कागदांतून मान वर काढली आणि म्हणाले, "तुझं नाव कमी झालंय." झालंय म्हणाले, बघा. केलंय म्हणायला जीभ वळली नाही. ती म्हणाली, "व्हय?" मग "बरं" म्हणून निघून गेली. मी हाक मारली नाही.

चौथ्या दिवशी मला राहवेना, वाडीवर गेले. तुमच्यासारखी बसले, कोरा चहा प्यायले, शाळेचं नाव काढलं नाही. पण तिची आई तिसऱ्या खेपेपर्यंत थांबली नाही. म्हणाली, "पोरीला हमरापूरला लावलीय, गनपतीच्या कारखान्यात. तिचं नाव शालेत नाय ना आता."

हमरापूरला गेले. बिनरंगाच्या गणपतींच्या रांगेत ती पॉलिश पेपर घासत बसली होती, भुवया, पापण्या सगळं पांढरं. मी म्हटलं, "चल, आजच नाव परत घालते. एक अर्ज लागतो फक्त." तिचा हात थांबला नाही. "पुस्तकं नेली व्हती मॅडम मी भट्टीवर. गनित अर्धं झालं व्हतं माजं." मी म्हटलं, "अगं, मग चल ना!" तर मूर्तीच्या पाठीवर फुंकर मारून म्हणाली, "नाय येत मी आता."

तुम्ही असतात तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा गेला असतात. मी अजून गेलेली नाही. शिपायाला रोज सांगते, उद्या जाऊन येते रे. हमरापूरहून परतताना मी गाडीत रडले, ते त्याला सांगितलं, मुलीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं. सगळे म्हणाले, तुम्ही तरी किती करणार, मॅडम. ते रडणं खरं होतं, बाई. पण तुम्ही हयात असतात तरी हे पत्र मी तुम्हाला पाठवलं नसतं. कारण ती पोर "नाय येत" म्हणाली, तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या डोक्यात पुढच्या वर्षीचा निकाल आला, आणि मला हायसं वाटलं.