ताईच्या घड्याळातला एक तास

९ जानेवारी, शुक्रवार

भाचीचा फोन. "मामा, आई फार विसरायला लागलीय. परवा मलाच म्हणाली, तू कुणाची गं? यायचं तर आत्ताच या."

जाणार! मला बघून तिने एकदा "बाळ्या" म्हणावं, बास. दुकान पंधरा दिवस बंद राहिलं तर लोकांची घड्याळं काही बोंब मारणार नाहीत.

११ जानेवारी, रविवार

तिकीट आलं. तेरा हजार चारशे किलोमीटर! सलग सोळा तास पन्नास मिनिटं. आणि गंमत म्हणजे निघायचं सकाळी दहा-वीसला, पोचायचं त्याच दिवशी दुपारी चार-चाळीसला.

पण दुकानातल्या 'ताईच्या घड्याळा'वर मोजलं तर पाच-चाळीस येतात. ताई जुलैत लेकीकडे परदेशी गेली त्या दिवशी तिकडची वेळ लावून ते टांगलंय. अकरा वर्षांत मिनिटाने चुकलेलं नाही. तिकीटवाल्याला चांगला झापला – चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, मला वेळ शिकवता?

१२ जानेवारी

तोंडावर आपटलो! भाची हसून हसून बेजार. तिकडे थंडीत सगळेच घड्याळं तासभर मागे घेतात म्हणे. आणि माझा बाणा काय, तर चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही.

मग माझं हसू विरलं. दर रविवारी दुपारी साडेतीनला, ताईच्या घड्याळात सकाळचे सहा वाजले की मी तिला फोन करतो. म्हणजे अकरा हिवाळे मी तिला पहाटे पाचला उठवतोय! विचारलं की एकच उत्तर – "जागीच होते रे."

भाची म्हणाली, "गजर लावून उठायची हो मामा. तुम्हाला सांगितलं तर याद राखा, असा दम दिला होता आम्हाला."

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. हिनेच मला वाढवलं. हे ऋण कुठल्या जन्मी फेडू?

२३ जानेवारी

शेजारच्या शिंप्याने कोटाला आतून खिसा शिवून दिला, वर चहाही पाजला. सुनेने बजावलं, "बाबा, विमानात दर दोन तासांनी उठून फेऱ्या मारायच्या." पायमोजेही तिनेच आणले. नशीबवान आहे मी.

२४ जानेवारी, शनिवार

पोचलो! बरोबर चार-चाळीसला चाकं टेकली. तिकीटवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली. पाय भोपळ्यासारखे सुजलेत. शेजारच्या बाईंनी आपणहून खिडकीची जागा दिली, देव त्यांचं भलं करो.

घरी आलो तर ताई औषध घेऊन झोपलेली. किती बारीक झालीय! उठवलं नाही. आजवर पुष्कळ उठवलंय.

२५ जानेवारी, रविवार

पहाटे पाचला गजर वाजला. ताई उठली, शाल गुंडाळून फोनपाशी बसली. मी समोर जाऊन उभा राहिलो. माझ्याकडे बघून म्हणाली, "जरा बसा हं तुम्ही. आता माझ्या भावाचा फोन येईल."

मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"बोल बाळ्या. जागीच होते रे."