देवाच्या पोटातली गाणी

दांडी,
ता. १० जानेवारी १९८८

तीर्थस्वरूप महादू भावोजींच्या पायाशी कमलाकांतचा दंडवत. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे आईचे गुडघे, माझं पित्त आणि बोंबलाचा भाव सोडून. तुमची कंबर आणि तुमचा राग, दोन्ही एव्हाना ताळ्यावर आले असतील अशी आशा करतो. (हे वाक्य सुगंधाताईला वाचून दाखवू नये.)

गेल्या रथसप्तमीला आमच्या देव्हाऱ्यातल्या सूर्यनारायणाच्या तसबिरीकडे बोट दाखवून तुम्ही खो खो हसलात आणि म्हणालात, "हा देव नाय, हे इंग्रजी तबकडीचं पाकीट हाय!" तेव्हापासून आई तुमच्याशी बोलत नाही, तुम्ही आमचा उंबरा चढत नाही आणि मधल्या मधे ताईचं माहेर तुटलं. ताईविना घर खायला उठतं, भावोजी. म्हणून मनावर दगड ठेवून लिहितो, की तुमचंच खरं होतं.

झालं असं, की परवा मांजर बांगड्यामागे देव्हाऱ्यावर चढलं (बांगडा तिथे कसा पोचला, ते विचारू नका) आणि तसबीर पडून काच फुटली. नवी काच बसवायला मी ती बोईसरला नेली. दुकानदाराने मागचे खिळे उपटले, तर त्या हसऱ्या सूर्याच्या पोटातून काळी कुळकुळीत तबकडी बाहेर! "भाईसाब, भगवान के अंदर तो गाना है," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ती मीच चोरून आत लपवली होती.

आईकडून मग सगळी हकिकत काढून घेतली. तारापूरचं अणुकेंद्र उभारायला अमेरिकन साहेब आले होते, तेव्हा आई त्यांच्या वसाहतीत मासळी विकायला जायची. तिथल्या एका मडमेशी तिची गट्टी जमली. (एकीला मराठी येईना, दुसरीला इंग्रजी, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता.) देश सोडून जाताना मडमेने हे पाकीट आईच्या हातात ठेवलं आणि बोट गोल गोल फिरवून दाखवलं. तबकडी फिरते हे आईला कुठून ठाऊक? वर सूर्य हसतोय, खाली रंगीत झग्यातली सहा माणसं हात जोडून उभी. ती समजली, प्रदक्षिणा घालायच्या. तेव्हापासून दर रथसप्तमीला सात, आणि तिच्यामागे आम्हीही.

तबकडी घेऊन मी आमच्या कंपनीतल्या रामाकडे गेलो, कारण त्याच्याकडे वाजवायचं यंत्र आहे. भावोजी, काय सांगू! तीन बाया, तीन पुरुष. आपल्याकडे लग्नात बाया गायला बसल्या की एकीचा सूर दुसरीला ढकलून पुढे पळतो. इथे सहाही गळे एकमेकांना सांभाळून चालतात. तुताऱ्या काय, घंटा काय! मधेच एक सतारही येते (बहुधा सोमवारी विकत घेतलेली आणि मंगळवारी वाजवलेली), पण तीसुद्धा गोड लागते. एका गाण्यात सगळं उलटं वाजतं, तेव्हा रामाचा कुत्रा जो पळाला तो जेवायलाच परत आला. तबकडीच्या नावाचा अर्थ साधारण 'खिडकी उघड, ऊन आलंय' असा. रामाच्या ओळखीचा तबकडीवाला म्हणतो, की ही तेव्हा कुणी घेतलीच नाही, लोकांना दंगा हवा होता. लोक करंटे, दुसरं काय! शेवटच्या गाण्याला माझे डोळे भरून आले, ते मी पित्तावर ढकलले.

असो. ताईला माझा नमस्कार सांगा, पोरांना गोड पापा.

तुमचा आज्ञाधारक,
कमलाकांत

ता. क. – रथसप्तमी तोंडावर आली आहे. तुमच्या लग्नातलं वाजवायचं यंत्र घेऊन ताईसह यावं. रामा त्याचं द्यायला तयार आहे, पण आई म्हणाली, "दुसऱ्याचं नको. जावयाचं आण."

आणखी एक – हे पत्र वाचून दाखवल्यावर आईने तसबीर पदराने पुसली. मग म्हणाली, "मला काय कलत नव्हतं? सूर्यनारायण कदी चष्मा लावतो काय? दुसऱ्याच वर्साला समजलं मला. पण ती बाई परत येनार नाय, मंग वर्सातून एक दिवस तिच्या वस्तूला हळद लावली तर कोनाचं काय गेलं? तुमी सगले देव समजून पाया पडत होते, ते मला बरं वाटायचं. महादू हसला, तवा वाटलं तो तिलाच हसला." म्हणून भावोजी, यंत्र आणा, हवं तर सुई नवी घाला, पण हसू नका. मी रामाकडे ऐकून आलोय, पण तिने अजून मैत्रिणीचं गाणं एकदाही ऐकलेलं नाही.