राणीछापचे वाळे

३ नोव्हेंबर
सोलापूर आवडलं! जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली किराणा, रिक्षा दारात. मोडनिंबहून टेम्पो आला तेव्हा बायकोने, अपेक्षाने, पाळणा सगळ्या सामानाच्या वर बांधला होता. लेक सोनू तीन महिन्यांची, पण घर तिच्याच नावावर असल्यासारखी वागते. माझी नोकरी सोपी: खोदाईआधी प्लॉटवर मेटल डिटेक्टर फिरवायचा, जुने लोखंडी पाइप शोधायचे. बायको म्हणते, घरातले मोजे सापडत नाहीत आणि म्हणे जमिनीखालचं शोधणार.

७ नोव्हेंबर
अक्कलकोट रस्त्याकडच्या प्लॉटवर यंत्र केकाटलं. पाइप नव्हता, चांदीचा रुपया होता. राणीछाप, १८६२! चार-चार पावलांवर आणखी चार, सगळे हातभर खोल, पेरल्यासारखे. भोवती पांढरी भुकटी, चुना असावा. साहेबांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर
सोनाराने पाचही रुपये आटवून सोनूला वाळे घडवले. जुनी चांदी बाळाच्या अंगाला चांगली, असं सासूबाई फोनवर म्हणाल्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी गत आमच्या लेकीची व्हायला नको. माझी बोटं कालपासून बधिर आहेत. थंडीने असेल.

१४ नोव्हेंबर
सोनू दोन दिवस रडलीच नाही. झोप मिळाली म्हणून आम्ही खूश होतो. आज दूधही घेत नाही. पाय गार. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. वाळे काढायला गेलो, निघेनात.

१६ नोव्हेंबर
सकाळी सोनू पाळण्यात बसलेली होती. तीन महिन्यांची पोर. पाठ ताठ, मांडी घातलेली, डावा तळहात उघडा आणि नजर तळहातावर. अपेक्षा किंचाळली. मी बघत राहिलो. भ्यायला हवं होतं, पण आत काही हललं नाही.

१७ नोव्हेंबर
प्लॉटशेजारी राहणाऱ्या रेवणप्पांना विचारलं. ते लिंगायत, मूळचे दुधनीचे. आमच्यात जाळतात, म्हणून मला कळलं नाही. त्यांच्यात मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवून पुरतात, डाव्या तळहातावर लिंग, भोवती विभूती. तो चुना नव्हता. त्यांच्या घराण्यात पूर्वी तोंडात रुपयाही ठेवायचे. तिथे पुरलेले ते पाच जण त्यांचेच पूर्वज. मी म्हणालो, परत ठेवतो. कुठं आहेत, त्यांनी विचारलं. सांगितलं, तसे ते म्हणाले,
“पाच जणांचं एकात आटिवलं व्हय? आता कुणाचं कुणाला देणार तुमी?”

१८ नोव्हेंबर
सोनाराची कात्री वाळ्यांवरून घसरते. सोनूचे गुडघे सरळ होत नाहीत. नाकापुढे आरसा धरला की धुरकटतो, अजून. अपेक्षा गोळी घेऊन झोपते, उठली की परत घेते. माझे हात —

२० नोव्हेंबर
रुपये नाहीत. वाळे निघत नाहीत. म्हणजे वाळ्यांसकट —
हे रेवणप्पांनी सांगितलेलं नाही. कुणीच नाही. त्याच प्लॉटवर मीच खणलंय. बसेल एवढं. दुपार आहे, रस्त्याने लोक जातायत. मला रडू यायला हवं.

विभूती टाकली.
बसवली.

बघतेय. तळहाताकडे नाही, माझ्याकडे. रडली — सोनू रडली, जोरात, हात वर करून — उचलतो, आत्ता उचलतो — हातात पेन आहे की फावडं, कळत नाही — माती पडतेय — कोण टाकतंय ही —