भंडारा, कबुली आणि आज्याचा ढोल

१० मार्च, मंगळवार
तालुक्याच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. हलकं वाटतंय. गेल्या वर्षी दहावीचा गणिताचा पेपर चालू असताना मी शाळेच्या मागे ढोल वाजवला, हे खरंच आहे. नवं कातडं नीट ताणलंय का, एवढंच बघत होतो. पाऊण तास. पोलिसांनी आज्याचा ढोल जप्त केला.

कबुलीच्या आधी व्हरांड्यात सरकारी वकील उदयसिंह साहेब भेटले. म्हटलं, साहेब, दंडावर मिटवा आणि ढोल यात्रेआधी सोडा. त्यांच्या हातावर बिरोबाचा भंडारा ठेवला. त्यांनी कपाळाला लावला. आमच्यात भंडारा घेतला की शब्द दिला. कागद लागत नाही.

जज मॅडमनी विचारलं, कबुलीच्या बदल्यात कुणी काही शब्द दिलाय का? म्हटलं, नाही. देवासमोरचा शब्द कोर्टाच्या हिशेबात धरायचा नसतो. निकाल ३० तारखेला.

१३ मार्च
संकल्प : निकालापर्यंत रागवायचं नाही. रोज देवळात दहा मिनिटं शांत बसायचं. आज बसलो. चौथ्या मिनिटाला ढोल आठवला.

यात्रा ५ एप्रिलला. पहिली थाप आमच्या घरच्या ढोलावर, हा आज्यापासूनचा मान. गेल्या वर्षी ढोल ठाण्यात, म्हणून थाप माझा दोस्त केरबा याच्या ढोलावर पडली. पंचांनी सांगितलंय, लागोपाठ दुसऱ्या वर्षी चुकली तर मान केरबाच्या घरी. तशी वेळ येणार नाही.

१७ मार्च
ठाण्यात जाऊन ढोल मागितला. हवालदार म्हणाले, ऑर्डर आणा. म्हटलं, सरकारी वकिलांनी भंडारा घेतलाय. ते म्हणाले, मग त्याच भंडाऱ्यावर सही-शिक्का घेऊन या, धनाजीराव.
ढोल कोपऱ्यात दिसला. वर पाण्याचा जार ठेवलाय.
म्हणजे शब्द मोडला.

१८ मार्च
केरबाला विचारलं. बांधाच्या केसमुळे त्याला कोर्टाचा बारा वर्षांचा अनुभव. म्हणाला, कबुली मागं घे गड्या. फसवलं म्हणून लिवून दे. ढोल आपसूक दारात येतोय बघ.
मान त्याच्याच घरी जायचा असताना असा सल्ला. मोठं मन लागतं. दोनदा चहा पाजला.
बायको म्हणाली, आवं, ज्याच्या घरी मान जानार, त्यालाच इचारून आला व्हय? सुलाला दोस्ती कळत नाही.

२० मार्च
माझी वकील मिस्बाह शिकलगार. वय सव्वीस, पण कायदा बराच येतो. म्हटलं, अर्ज लिही. ती म्हणाली, काका, दहा दिवसांचा प्रश्न आहे, दम धरा की. उदयसिंह सरांनी फाइलला काय लावलंय त्याची प्रत काढून पाठवते. आधी वाचा, मग ठरवू.
मी ठरवलेलंच आहे.

२४ मार्च
मिस्बाहची पीडीएफ आली. उघडली नाही. फोनला ताण पडतो. शिवाय ज्यानं शब्द मोडला त्याचं लिखाण वाचून मन कशाला गढूळ करायचं?

२६ मार्च
मिस्बाहचे तीन फोन. ध्यानात होतो. ध्यान आता वाढलंय. चौथा उचलला. वाचलं का, काका? वाचलं म्हटलं. तरी अर्ज द्यायचा? द्यायचा. ती म्हणाली, बरं, तुमची मर्जी. पटलं असावं.

३० मार्च, सकाळी ७
भाषण पाठ. सुलानं भाकरी बांधून दिली. ढोल बांधायला मी दोर घेतलाय.

३० मार्च, दुपारी १
जिंकलो.
मॅडमनी विचारलं, शब्द दिला तेव्हा वकील नेमकं काय म्हणाले? म्हटलं, म्हणाले काहीच नाहीत. भंडारा लावला. उदयसिंह साहेबांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. म्हणाले, मी प्रसाद समजून लावला होता. मॅडम म्हणाल्या, म्हणजे कबुली गैरसमजातून दिली. मग अर्ज मंजूर. कबुली रद्द, केस पहिल्यापासून चालणार.
मी विचारलं, मग ढोल नेऊ का?
त्या म्हणाल्या, केस चालणार म्हटल्यावर ढोल पुरावा झाला. तो ठाण्यातच राहील. पुढची तारीख २२ जून.
मिस्बाह म्हणाली, सोडवायला वेगळा अर्ज करू, पण यात्रेच्या आत होणं अवघड आहे, काका.

३० मार्च, परतीच्या एसटीत
पीडीएफ उघडली. फोनला ताण पडला नाही.
उदयसिंह साहेबांनी १० मार्चलाच लिहून दिलं होतं : पहिलाच गुन्हा, दंड पुरे, निकालाच्या दिवशी ढोल मालकाला परत देण्यास हरकत नाही. निकालाचा दिवस म्हणजे आज. खाली सही, शिक्का. सहीशेजारी भंडाऱ्याचं पिवळं बोट उमटलंय.
दोर पिशवीत घातला.

५ एप्रिल, रविवार
यात्रा. पहिली थाप केरबानं मारली. चांगली मारली. मला झांज दिली. म्हणाला, दमानं वाजीव रं, परत केस नगं. सुला बायकांत उभी होती. बोलली असती तर बरं झालं असतं.
उदयसिंह साहेब दर्शनाला आले होते. मी भंडारा पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला आणि विचारलं, यात काही अट नाही ना?
म्हटलं, नाही साहेब.
मग त्यांनी लावला. मी झांज वाजवायला गेलो.