अठरावं वर्ष, घरबसल्या

१६ फेब्रु., रविवार

आमचं आर्मी रिझर्व्हचं युनिट बंद. झेंडा गुंडाळला, कव्हर चढवलं, केक कापला. केकवर निळं आयसिंग, सगळ्यांच्या जिभा निळ्या. सतरा वर्षं महिन्यातला एक वीकएंड ज्या इमारतीत घालवला तिची किल्ली रुईझने काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "सार्जंट के, आता रविवारी झोपायचं." अमेरिकन तोंडात कुलकर्णी बसत नाही, म्हणून मी के.

रुईझ रडत होती. मी नाही.

करिअर काउन्सेलर म्हणून आलेल्या गृहस्थांनी प्रत्येकाला पाच मिनिटं दिली. माझ्या रँकची जागा जवळपास कुठे नाही. एक ओहायोत आहे. दर महिन्याला हर्नडनहून ओहायो? ते हसून म्हणाले, "यू हॅड अ गुड रन, सार्जंट."

मी म्हटलं, रन संपलेला नाही.

हिशोब एवढाच. वर्ष 'चांगलं' धरायला पन्नास पॉइंट्स लागतात. माझं वर्ष, भरतीच्या तारखेप्रमाणे, १४ जूनला संपतं. युनिट बंद होणार म्हणून सप्टेंबरपासून ड्रिलच कॅन्सल करत होते, त्यामुळे नुसतं यादीत असल्याचे धरून हातात तीस. अशी वीस वर्षं झाली की रिटायरमेंट. पण अठरा झाली की मला सहजासहजी काढता येत नाही. सतरावर मात्र कोणीही 'थँक यू फॉर युअर सर्व्हिस' म्हणून दार दाखवू शकतं.

यादीत नाव राहतं, युनिट नसतं. अशा लोकांना एकच वाट. कॉरस्पॉन्डन्स कोर्सेस.

१९ फेब्रु., बुध.

शिरीषला सांगितलं. घरी बसून कोर्स करायचा, परीक्षा द्यायची, तासांप्रमाणे पॉइंट्स. तो पोळी लाटत होता (बुधवार त्याचा). लाटणं थांबवून म्हणाला, "म्हणजे पोस्टाने सैनिक?"

आता पोस्टाने नसतं, ऑनलाइन असतं.

"बरं, वर्क फ्रॉम होम सैनिक."

स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसला. पोळी करपली. बरं झालं.

२२ फेब्रु., शनि.

मंडळाच्या कार्यक्रमात सुलभामावशी भेटल्या. "अगं मेधा, ते मिलिटरीचं अजून सोडलं नाहीस? ईरा मोठी झाली आता, तिच्याकडे बघ." सतरा वर्षांपूर्वी म्हणत होत्या, ईरा व्हायची आहे, सोड. मग ईरा लहान आहे, सोड. त्यांना म्हटलं, "मावशी, ईरा म्हातारी झाली की सोडते."

शि.ने गाडीत विचारलं, इतकं बोलायची गरज होती का. होती.

१ मार्च, शनि.

पहिला को.: मैदानात पिण्याच्या पाण्याची व्यवस्था. टाकी, क्लोरीन, किती वेळ थांबायचं, वास आला तर काय. ईराच्या स्विमिंग प्रॅक्टिसला पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून वाचते. हीटर चालू, मांडीवर लॅपटॉप, काचेवर वाफ.

हे सगळं मी कुवेतच्या पोस्टिंगवर हाताने केलंय. म्हणून न वाचता परीक्षा दिली.

नापास.

पाणी हाताला कसं कळतं ते परीक्षेत विचारत नाहीत. पुन्हा पहिल्या पानापासून.

५ मार्च

पाणी पास. तीन पॉ. आले.

८ मार्च, शनि.

रुईझचा फोन. तिचंही सतरावरच अडकलंय, तिलाही पॉ. हवेत. शाळेच्या कॅन्टीनमध्ये पहाटेपासून उभी असते, घरी नवऱ्याचं डायलिसिस. म्हणाली, "के, ते कोणी वाचत नाही. मी तुला एक फाइल पाठवलीय. सगळ्या परीक्षांची उत्तरं. क्लिक, क्लिक, डन."

फाइल मेलमध्ये आलीय. उघडली नाही.

मला संत वगैरे व्हायचं नाहीये. पण पहिल्या दिवसापासून ऐकत आलेय. हिला भाषेसाठी घेतली, फोटोत ब्राउन चेहरा हवा म्हणून घेतली, हिचा पुश-अप कोणी मोजला? सतरा वर्षं मी कोणाच्या हातात माझ्याविरुद्ध काही दिलं नाही. आताही देणार नाही.

रुईझला एवढंच म्हटलं, मला वाचायला आवडतं. ती म्हणाली, "यू आर सिक."

२३ मार्च, रवि.

को. नं. ४, उंदीर व पिसवा. ईरा नाश्त्याला मागे उभी राहून वाचत होती. "आई, धिस इज लिटरली अबाउट रॅट्स."

मग स्वतःच खुर्ची ओढून प्रश्न विचारायला लागली. तंबूपासून कचरा किती लांब? पीठ कशावर ठेवायचं? मला सगळी आली.

मध्येच म्हणाली, "कुवेतला पण तू हेच करायचीस?"

हो. पाणी, तंबू, पीठ, उंदीर. चारशे माणसांचं.

"आय थॉट यू वेअर, लाइक, फायटिंग."

नाही.

मी गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. वर्षभराने परत आले तर मला बघून शि.च्या पायामागे लपली. हा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही. मला वाटलं आता म्हणेल, उंदरांसाठी मला सोडून गेलीस. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

ती म्हणाली, "मग कोणी आजारी पडलं?"

नाही म्हटलं. पोटाने एकही नाही.

"ओके," म्हणाली, "दॅट्स ॲक्चुअली कूल." आणि पुढचा प्रश्न.

तयार ठेवलेलं उत्तर वापरावं लागलं नाही. अजून छातीत तसंच आहे.

११ एप्रिल, शुक्र.

भांडण. शिकागोला मानसीकडे मुंज आहे, शि.च्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मी म्हटलं तुम्ही दोघं जा, माझे दोन को. बाकी आहेत.

"कोणाला काय सिद्ध करायचंय तुला? त्यांनी युनिट बंद केलं, मेधा. त्यांना तू नको आहेस."

त्यांना नको असेन. मला मी हवी आहे.

"ऑफिस आहे, घर आहे, आणि तू गाडीत बसून थंडीने बोटं काळी पडण्यावर नोट्स काढतेस."

मग मी बोलले. म्हटलं, तुझं ग्रीन कार्ड माझ्या सिटिझनशिपवर झालं, आणि ती मला या युनिफॉर्ममुळे लवकर मिळाली. तेव्हा नाही विचारलंस काय सिद्ध करायचंय.

तो बेसमेंटमध्ये जाऊन झोपला.

लागेल असं बोलले, माहितीये. पण खोटं एक अक्षर नाही. परत घेणार नाही.

१४ एप्रिल

दोघं परत आले. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूहून पेढ्यांचा बॉक्स. शि.ने माझ्या लॅपटॉपवर ठेवला. मी त्यातले चार खाल्ले.

२ मे, शुक्र.

बावन्न!! गोठण्याचे आजार पास, नकाशा पास, पेट्रोलचा साठा पास. पिठलं-भाकरी केली. ईराने भाकरीचा फोटो मैत्रिणींना पाठवला, खाली लिहिलं, 'मॉम बीट द आर्मी'. म्हटलं बीट नाही गं, मी आर्मीतच आहे.

१३ मे, मंगळ.

आर्मीच्या ऑफिसातून मेल. तुमचे कोर्सचे पॉइंट्स रोखून धरले आहेत, फोन करा.

लंचमध्ये केला. मेजर व्हिटेकर म्हणून कोणी. आवाज शांत. बऱ्याच जणांची उत्तरं एकसारखी, चुकासुद्धा एकसारख्या. एक फाइल फिरतेय, आणि ती ज्यांना गेली त्यांची एक यादी सापडली, पाठवणाऱ्याच्या नावाशिवाय; तीत माझा पत्ता.

मी म्हटलं, आली. उघडली नाही.

"मी विश्वास ठेवायला तयार आहे, सार्जंट. पाठवली कोणी?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"मूळ पाठवणारा आम्हाला हवाय. तुम्ही मदत केलीत तर तुमचे पॉइंट्स याच आठवड्यात मोकळे होतील."

मी म्हटलं, सर, माझे पॉइंट्स मी वाचून मिळवलेत. कोणाचं नाव देऊन नाही सोडवणार.

फोन ठेवला तो रागाने. भीती नव्हती असं लिहिणार होते. होती.

१४ मे

शि. म्हणाला, "सांगून टाक नाव. तिने तुला अडकवलं, तू तिला नाही."

बरोबर आहे त्याचं. रुईझला चार फोन केले, उचलला नाही. मेसेज वाचला, उत्तर नाही. एवढा संताप आला की मेजरचा नंबर काढला. मग ठेवला.

कुवेतमध्ये माझ्या बाजूच्या खाटेवर झोपायची ती. ईराचं पहिलं पूर्ण वाक्य फोनवर ऐकलं तेव्हा मी बाहेर वाळूत जाऊन बसले होते. ती शेजारी येऊन बसली. पण हे कारण नाही. कारण असं की नाव दिलं तर माझी वर्षं तिच्या जिवावर मोजली जातील. तसली नकोत.

२० मे, मंगळ.

मेजरना लिहिलं. मी प्रत्येक कोर्स वाचला आहे. समोर बसवा, कुठल्याही पानावरचं विचारा. नाव देणार नाही.

पाठवण्याआधी शि.ला वाचायला दिलं. वाटलं, पुन्हा सुरू होईल. त्याने दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"'प्लीज' दोनदा आलंय. एक काढ."

दोन्ही काढले.

२ जून, सोम.

उत्तर आलं. शनिवारी बेसवर या. सगळ्या कोर्सेसची परीक्षा समोर बसून, एका दिवसात. खाली एक ओळ: माहिती देण्यास नकार दिल्याची नोंद फाइलला जोडली जाईल.

जोडा.

शि. आठवडाभर रोज संध्याकाळी प्रश्न विचारतोय. पोस्टाने सैनिक म्हणणारा माणूस आता क्लोरीनचं प्रमाण माझ्याआधी सांगतो.

७ जून, शनि.

पहाटे निघाले. युनिफॉर्म कमरेत घट्ट, पण बसला. खोलीत मी, मेजर व्हिटेकर, भिंतीवरचं घड्याळ. वाटलं होतं उंच, टक्कल वगैरे. माझ्याहून लहान आहेत, मनगटावर मुलीने बांधलेलं मण्यांचं ब्रेसलेट.

पाणी. उंदीर. पीठ. थंडी. एकामागून एक. दुपारी त्यांनी अर्धं सँडविच पुढे केलं. मी डबा आणला होता. थालीपीठ. त्यांनी एक तुकडा घेतला.

शेवटी नकाशा. तिथे डोकं चालेना. उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा सापासारख्या वळवळत होत्या.

सगळे पास. नकाशा नापास. त्याचे चार पॉ. गेले. बावन्नातून चार. अठ्ठेचाळीस.

मेजरनी पेन ठेवलं. "सार्जंट, तुम्ही वाचलंय हे मला पटलं. तशी शिफारस करतो. पण निर्णय वर होतो, आणि नकाराची नोंद सोबत जाईल. अजून वेळ आहे. हे आपल्या दोघांतच राहील. कोण?"

"सर, तुम्ही विचारलंत. मी ऐकलं."

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. म्हणाले, "ड्राइव्ह सेफ."

गाडीत बसून मोठ्याने शिव्या घातल्या. मराठीत. नकाशाला.

८ जून

आठवडा आहे. दोन पॉ. कमी. तीन पॉ.चा को. उघडला, तंबूतल्या आगीपासून संरक्षण.

११ जून, बुध.

ऑफिसातून आले तर रुईझ पायरीवर बसलेली. बारीक झालीय. आत यायला तयार नव्हती. उभ्याने बोलली.

रिझर्व्ह सोडलंय तिने. पत्र देऊन टाकलं, कारण लिहिलं नाही. "माझं सतरावर थांबलं, के. नवऱ्याकडे बघायला दुसरं कोणी नाही, मला रात्री वाचता येत नाही, डोळे मिटतात. मला शॉर्टकट हवा होता. तुला पण सोपं जावं म्हणून पाठवलं."

फोन का उचलला नाहीस?

"तू नाव सांगितलंस असं ऐकायचं नव्हतं."

मी म्हटलं, तंबूत तू घोरायचीस त्याचीही मी कधी तक्रार केली नव्हती.

हसता हसता रडायला लागली. या वेळी मीही. मग तिला ओढून आत नेलं, जेवायला वाढलं. ईराने तिला दहीभात कालवायला शिकवलं. जाताना रुईझ म्हणाली, ती स्वतः मेजरना फोन करेल. मी म्हटलं, तू कर किंवा नको करू. माझ्यासाठी करू नकोस. मला त्याची गरज नाही.

माहीत नाही करेल का. विचारणार नाही.

१२ जून, गुरु.

आग पास. पहिल्या फटक्यात. एक्कावन्न, जर बाकीचे मोकळे केले तर. सबमिट केलं, स्क्रीनचा फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. शि.चं उत्तर: 'जय हिंद, मॅडम.' ईरा: 'राँग कंट्री बाबा.'

१४ जून, शनि.

वर्ष संपलं. वेबसाइटवर माझ्या नावापुढे 'विचाराधीन'. सकाळपासून किती वेळा पाहिलं ते लिहीत नाही.

शि.ने विचारलं, नाही धरलं तर?

नाही धरलं तर अपील करीन. ते नाही ऐकलं तर एकोणिसावं अठरावं म्हणून करीन. मग विसावं एकोणिसावं म्हणून. काढलं तर काढलं, पण मी निघून गेले असं कोणाच्या कागदावर येणार नाही.

"बरं," तो म्हणाला. "बुधवारबरोबर गुरुवारच्या पोळ्या पण माझ्या."

१६ जून, सोम.

वर्क फ्रॉम होम. कामाला लागण्याआधी नवीन वर्षातला पहिला को. उघडला. नकाशाच घेतला, पहिल्यापासून. शि. जाताना म्हणाला, आधी मागचं वर्ष तर होऊ दे. ते होईल तेव्हा होईल.

धडा १, समोच्च रेषा. जवळजवळ आल्या तर चढ तीव्र, लांब लांब असल्या तर सौम्य. इतकं सोपं होतं. त्या दिवशी कसं

फोन वाजतोय. बेसचा नंबर.

वाजू दे. एवढं पान संपवते, मग उचलते.