दिवाळ्यानंतर दोन गाड्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

बस आलीच नाही! बर्फात उभी राहून पायाची बोटं बधिर झाली. माझ्या रुग्ण मिसेस ओल्डहॅम, त्यांच्या घरी पायाची पट्टी बदलायला तासभर उशीर. त्या म्हणाल्या, "गाडी कुठं गेली तुमची?" म्हटलं, दुरुस्तीला टाकलीय.

खोटं. गाडी बँकेनं ओढून नेली. रविवारी सकाळी, शेजारीपाजारी नटूनथटून चर्चला निघालेले असताना. आधी माझी व्हॅन, मागोमाग नवऱ्याचा, लाइलचा ट्रक. सगळी गल्ली बघत होती. लाइल हात खिशात घालून उभा — जणू दुसऱ्याच कुणाच्या गाड्या चालल्यात!

आणि का? तर धाकट्या भावाला जामीन राहिला म्हणून. ब्रेंटला बार्बेक्यूचं हॉटेल काढायचं होतं. ज्याला स्वतःच्या अंगणात कोंबडी धड भाजता येत नाही, त्याला हॉटेल! लाइलनं सही ठोकली. मला कळलं ते हॉटेल बुडून बँकेचा फोन आल्यावर. त्याचे हप्ते भरता भरता आम्ही आटलो आणि शेवटी दोघांनीही कोर्टात जाऊन दिवाळं जाहीर केलं. घर तेवढं वाचलं. वकील म्हणाला, नशीब समजा.

समजते हां!

५ फेब्रुवारी

टपालात आज पुन्हा तीन पत्रं. "अभिनंदन, नोरीन! नव्या सुरुवातीसाठी नवी गाडी!" दिवाळं काढलेल्यांची नावं कोर्टातून यांना बरोबर मिळतात. मेलेल्या जनावरावर घारी उतरतात, तशी ही पत्रं. चुलीत घातली असती, पण आमच्याकडे चूल नाही. कचऱ्यात घातली.

लाइलनं त्यातलं एक परत बाहेर काढलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

गेलो त्या पत्रवाल्याकडे. डेटनच्या बाहेर, हमरस्त्याला लागून. कोराही आली. कॉलेजात जाणारी मुलगी, तिला कशाला हवं हे सगळं बघायला! पण गाडी तिच्या मैत्रिणीची होती.

विकणारा पोरगा डेरिक. दात इतके पांढरे की डोळे दिपावेत. मी आवाज खाली आणून म्हटलं, आमचं दिवाळं निघालंय.

"उत्तम!" तो ओरडलाच. "मॅडम, तुम्ही तर आमचं लाडकं गिऱ्हाईक! आता आठ वर्षं तुम्हाला पुन्हा असं दिवाळं काढता येणार नाही. म्हणजे तुमच्याइतकं पक्कं गिऱ्हाईक दुसरं कुणी नाही!"

म्हणजे आता पळून जाता येत नाही, म्हणून भरवशाचे!

व्याज चोवीस टक्के. शिवाय एक पेटी बसवणार गाडीत — हप्ता चुकला की गाडी सुरूच होणार नाही. मी विचारलं, "आणि मी रुग्णाकडे निघाले असले तर?" तर हसतो. म्हणे, "हप्ता चुकवायचाच नाही, मॅडम!"

लाइल काय करत होता? टायरला पाय लावून बघत होता. मग आत आला, बसला, आणि पेन उचललं! मी ते हातातून हिसकावलं. अख्खं दुकान बघत राहिलं.

तेवढ्यात कोरा म्हणते, "आई, माझ्या नावावर घ्या ना. माझं नाव अजून स्वच्छ आहे."

तिच्यावर मी इतकी ओरडले! तिनं काय केलं होतं बिचारीनं? रडतच मागे बसली. 

८ फेब्रुवारी

लाइलशी अबोला. भांडी तो घासतोय. आदळून आदळून घासतोय.

१५ फेब्रुवारी

काल व्हॅलेंटाइन डे होता. लाइलनं चॉकलेटं आज आणली. आज अर्ध्या किमतीत मिळतात. हृदयाच्या आकाराचा डबा, त्यावर पिवळी चिठ्ठी, "सवलत".

मी सगळी एकटीनं खाल्ली. त्याच्यासमोर बसून.

२१ फेब्रुवारी, शनिवार

जास्त कापलेला कर सरकारकडून परत आला. बँकेत येऊन पडल्या पडल्या मी लाइलला सांगितलं — रोख देऊन जुन्या घ्यायच्या, दोन. कर्ज नाही, सही नाही, जामीन नाही. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे "तू म्हणशील तसं" दोन वर्षांपूर्वी कुठं होतं?

पहिली गाडी आज मिळाली. मिसेस क्राउस, ऐंशीच्या घरातली बाई, नवरा शरदात गेला. त्याची ब्यूक गॅरेजमध्ये चादरीखाली. चादर अशी ओढली की वाटलं त्यालाच शिव्या देतेय.

"बोलिंग आणि चर्च. याखेरीज ही गाडी कुठं गेली नाही," म्हणाली. "मला एकदा समुद्र बघायचा होता. इतकं पेट्रोल कशाला जाळायचं, म्हणे! आता मेला आणि टाकी भरलेली ठेवून गेला."

मला हसू आवरेना. मग तिनं विचारलं, "तुझा नवरा काय करतो?"

"फरश्या बसवतो. आणि जामीन राहतो."

म्हातारी खोकला येईपर्यंत हसली. तीनशे डॉलर कमी केले. वर म्हणाली, "मुली, तुझा जिवंत आहे. रोज भांडून घे. मी आता गाडीशी भांडते."

परत येताना गाडी मीच चालवली. हीटर लावला. पाय गरम झाले आणि लाल सिग्नलला एकदम रडू आलं. रागानंच. मागच्यानं हॉर्न वाजवला, त्यालाही शिवी दिली.

२५ फेब्रुवारी

दुसरीही झाली. लाइलसाठी जुनी स्टेशन वॅगन. बर्फ वितळवायला ओहायोच्या रस्त्यांवर टाकतात त्या मिठानं तळ खाल्लेला. ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसतो! लाइल दोन संध्याकाळी तिच्याखाली झोपून पत्रा ठोकतोय. शीळ घालतोय! किती दिवसांनी. फरशी कापायचं यंत्र मागे बरोबर बसतं म्हणून मला हाक मारून दाखवलं. सोमवारपासून केटरिंग गावी कुणाच्या न्हाणीघराचं काम आहे.

त्याला सुखी बघून माझं डोकं आणखी फिरतं. हे बरं नाही. कळतंय मला. पण फिरतं.

१ मार्च, रविवार

ब्रेंट आला. चार महिन्यांनी! नव्याकोऱ्या लाल ट्रकमधून! इतका उंच की उतरायला पायरी लागते. आत त्याची बायको ट्रिना आणि चार वर्षांची बेली. ट्रिना खाली उतरली नाही, काच खाली केली नाही, साधा हात केला नाही. महाराणी!

ब्रेंट सरळ स्वयंपाकघरात. माझ्या पातेल्यातली राजमा-खिम्याची चिली वाडग्यात घेऊन खायलाच लागला.

"वॅगन झकास आहे हं दादा," म्हणतो. "म्युझियमनं विकायला काढली होती काय?"

लाइल हसला. हसला!

मी विचारलं, "ट्रक कुणाच्या नावावर घेतलास?"

"ट्रिनाच्या. तिचं नाव चांगलं आहे ना." आणि वर डोळा मारून म्हणतो, "तुम्हालाही कुणाची सही हवी असली तर सांग, नोरीन!"

मी वाडगा त्याच्या हातातून काढून घेतला. चिली सिंकमध्ये ओतली. चमचा त्याच्या तोंडाजवळच राहिला. म्हटलं, "चालता हो."

लाइल म्हणाला, "नोरीन, अगं, भाऊ आहे माझा."

"आणि मी कोण?"

तो पातेल्यावर झाकण ठेवायला लागला. झाकण! ब्रेंट जाताना पुटपुटला, "हिला काहीतरी औषध द्या." ट्रकनं आमची टपालपेटी घासून वाकवली.

५ मार्च

सासूबाईंचा फोन. "ब्रेंट फार दुखावलाय गं. मोठ्या मनानं घ्यावं माणसानं." म्हटलं, मोठं मनसुद्धा बँकेनं नेलं. फोन ठेवला.

८ मार्च, रविवार, दुपार

लाइल ब्यूक घेऊन आईला चर्चला घेऊन गेला होता. दार वाजलं. ट्रिना. कडेवर बेली, पायात कापडी सपाता, भिजून चिंब. तीन मैल चालत आली. ट्रकच्या किल्ल्या ब्रेंट खिशातून काढत नाही. फोनही त्याच्याकडे.

"गेल्या रविवारी आला होतात तेव्हा बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"त्यानं सांगितलं होतं, उतरलीस तर बघ." मग म्हणाली, "ट्रकवर सही कर म्हणाला. तीन रात्री झोपू दिलं नाही. मग केली."

इंडियानात, टेरे होटला तिची बहीण आहे. तिला तिथं जायचंय. मी पोलिसांना बोलवते म्हटलं, तर तिनं माझ्या फोनवर हात दाबून ठेवला. "तिथं पोचले की करीन. आधी तिथं जाऊ दे."

बेली टेबलाशी दुधात कॉर्नफ्लेक्स खात होती.

मी बाहेर गेले. फरशीचं यंत्र जड असतं; एकटीनं वॅगनमधून उतरवलं. करण्या, बादल्या, सगळं पायऱ्यांवर ठेवलं. माझे बूट ट्रिनाला दिले. किल्ली दिली.

"लाइलला विचारायचं नाही?"

"नीघ तू," म्हटलं. "वळणाच्या आधी ब्रेक जोरात दाब."

गेली. अर्धा तास झाला.

आत्ता ब्यूक दारात लागली. लाइल पायऱ्यांशी थांबलाय, आपल्या बादल्यांकडे बघतोय.

"नोरीन! वॅगन कुठंय?"

पुन्हा हाक मारतोय. उठायला हवं.